सातबारा ते सातासमुद्रापार

मुरुडच्या माणसांना परदेशात घर घेणं अगदीच नवं नाही. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत ज्यांची अडत होती, कापसाचा-सरकीचा व्यापार होता, त्यांतल्या काहींनी परक्या राज्यात घरं केली होती असं जुनी माणसं सांगत. ते परकं राज्य म्हणजे बार्शी! हसण्यावारी नेऊ नका. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मुरुड निजामाच्या हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद जिल्ह्यात होतं आणि चाळीसेक मैलांवरची बार्शी इंग्रजांच्या मुलखात, सोलापूर जिल्ह्यात. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ पासून लातूरपर्यंत येऊ लागली होती. मुरुडला त्या गाडीत बसावं, ढोकी गेली, येडशी गेली, की राज्य बदलावं. अलीकडे करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात; पलीकडे दुसरा कायदा, दुसरा स्टँपपेपर, दुसरं नाणं. इकडचा रुपया हाली, तिकडचा कलदार. सात हाली मोजावेत तेव्हा सहा कलदार हाती पडावेत, असा साधारण भाव. इकडच्या कचेरीतला कागद उर्दूत, तिकडचा मराठीत किंवा इंग्रजीत.

पुढे रझाकारांच्या धामधुमीत सरहद्दीलगतच्या गावांतली कुटुंबं बिऱ्हाडं उचलून बार्शी-सोलापूरकडे गेली, तेव्हा ज्यांचं तिकडे आधीच घर होतं त्यांना त्या खरेदीखताची खरी किंमत कळली.

अशा माणसाला घर घेताना पाहाव्या लागत त्या गोष्टी मोजक्याच होत्या. पैसा सरहद्दीपार कसा न्यायचा, तिकडचा कागद कितपत पक्का, आणि आपल्यामागं ते घर कुणाचं. बार्शीच्या जागी न्यू जर्सी, लेस्टर किंवा दुबई घाला. प्रश्न तेच राहतात. करोडगिरीच्या नाक्यावर मात्र आता आमच्यासारखे बँकेतले लोक बसतात.

आमच्या भागातल्या मुलांना ‘लातूर पॅटर्न’नं डॉक्टर-इंजिनियर केलं आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढं विमानात बसवलं. पहिली काही वर्षं ती मुलं भाड्यानं राहतात. मग एक दिवस फोन येतो, ‘अण्णा, इथं घर बघतोय.’ आणि मग अण्णा निवृत्त बँकवाल्याच्या घराची बेल वाजवतात. मी कादंबऱ्या लिहितो याबद्दल गावात कुणाला फारसं देणंघेणं नाही. पण मी बँकेत होतो हे कुणी विसरत नाही.

आधी नाक्याचा इतिहास सांगतो, कारण त्यातला अर्धा भाग माझ्या नोकरीच्या काळात घडला. १९७३ च्या फेरा कायद्याखाली भारतात राहणाऱ्या नागरिकानं रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून परदेशात घर-जमीन बाळगणं हा गुन्हाच होता. तो कायदा जाऊन फेमा आला. १९९९ साली मंजूर झाला आणि १ जून २००० पासून लागू झाला. ‘मनाई आहे, परवानगी मागा’ याऐवजी ‘परवानगी आहे, मर्यादेत राहा’ असा सूर लागला. २००४ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेनं एक योजना काढली : कुणाही निवासी व्यक्तीनं वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवावेत. ही मर्यादा वाढत वाढत २००७ मध्ये दोन लाखांवर गेली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया गडगडला, तशी ती एका फटक्यात ७५,००० वर आली आणि त्या पैशातून घर घेण्यालाही मनाई झाली. ती मनाई पुढं उठली. २०१५ पासून मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. माणशी आणि दर आर्थिक वर्षाला. घरातल्या दोघा-चौघांनी आपापल्या मर्यादेतले पैसे एकत्र करून बाहेर घर घेतलेलं चालतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या नियमांत हे पुन्हा स्पष्ट केलेलं आहे.

ऐकायला सोपं. काउंटरवर ते तितकं सोपं राहत नाही. ए-टू नावाचा फॉर्म भरावा लागतो, पॅन लागतो, पैसा कशासाठी चाललाय याचा ठरावीक क्रमांक लिहावा लागतो. घर घ्यायला म्हणून पैसे पाठवत असाल तर त्यासाठी बँकेनं कर्ज द्यायचं नाही, असा दंडक आहे. म्हणजे इथल्या घरावर कर्ज काढून तिथं घर, हा मार्ग बंद. आणि २०२५ च्या एप्रिलपासून वर्षाला दहा लाखांच्या वर जी रक्कम अशा कारणासाठी जाईल, तिच्यावर बँक वीस टक्के कर आधी कापून घेते. चाळीस लाख पाठवायचे तर सहा लाख आणखी हाताशी हवेत. हा कर बुडत नाही, विवरणपत्र भरलं की वळता होतो किंवा परत मिळतो. पण ज्याचं सगळं उत्पन्न शेतीचं आणि ज्यानं जन्मात विवरणपत्र भरलेलं नाही, त्याला ‘परत मिळतो’ या दोन शब्दांवर विश्वास ठेवायला सांगणं फार अवघड जातं.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत आता दुबईच्या घरांची प्रदर्शनं भरतात. ‘दहा टक्के भरा, बाकी हप्त्यांनी’ म्हणतात. दुबईनं २००६ च्या कायद्यानं परकीयांना ठरावीक भागांत पूर्ण मालकीची घरं घेऊ दिली, २००७ मध्ये बांधकामाधीन घरांचे ग्राहकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याची सक्ती बिल्डरांवर केली. तिथल्या भूमी खात्याचं शुल्क किमतीच्या चार टक्के. हे सगळं खरं. पण भारतात राहणाऱ्या माणसानं तिथल्या बिल्डरच्या वा बँकेच्या उधारीवर घर घेणं आपल्या नियमांत बसतं का, हे त्या प्रदर्शनातल्या टायवाल्या मुलाला विचारून उपयोग नसतो. ते आपल्या बँकेला आणि सनदी लेखापालाला विचारायचं असतं, आणि सही करायच्या आधी.

पैसा गेला, आता कागद. परदेशी कागद कितपत पक्का, ही भीती आपल्याकडून जाणाऱ्या प्रत्येकाला असते आणि ती आपल्या अनुभवातून आलेली आहे. मराठवाड्यात जमीन घेताना वकील १९५४-५५ च्या खासरा पाहणीपासून सुरुवात करतो. कूळ निघेल का, इनाम निघेल का, मदतमाश तर नाही ना, हे बघतो. आपल्याकडे दुय्यम निबंधक कागदाची नोंद करतो, मालकीची हमी देत नाही. आपलं अख्खं आयुष्य या एका वाक्याभोवती फिरतं. इंग्लंडमध्ये उलट आहे. तिथल्या भूमी नोंदवहीत ज्याचं नाव, तो मालक, आणि त्यामागं सरकारची हमी. त्या नोंदीची प्रत काही पौंडांत कुणालाही मिळते. अमेरिकेत सरकार हमी देत नाही, तर मालकीचा विमा उतरवला जातो. विमा कंपनीच जुने कागद खणून काढते, कारण काही निघालं तर पैसे तिला भरायचे असतात. व्यवहाराची रक्कम, कर्ज, कागद हे सगळं तिसऱ्याच कुणाकडे जमा होतं आणि एका ठरलेल्या दिवशी सगळ्यांची देवघेव एकदम होते. इसारपावती करून सहा महिने चपला झिजवणाऱ्या आपल्या माणसाला हे स्वप्नवत वाटतं.

मालकी तिथं पक्की असते. अडतं ते दुसरीकडे, आणि ते कुठं अडतं याचं सगळ्यांत उत्तम उदाहरण खुद्द आपल्या सरकारचं आहे.

लंडनच्या उत्तर भागात प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर आहे. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांचा अभ्यास चालू होता. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा रुपयाच्या मूल्यावरचा त्यांचा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपानं आला, म्हणजे तो विषय डोक्यात घोळत असतानाचे हे दिवस. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला त्या पत्त्याचं विशेष वाटतं ते यासाठीही. अर्धपोटी राहून, ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचत बसणारा हा विद्यार्थी तिथं भाडेकरूच होता. पुढं मुंबईत दादरला त्यांनी ‘राजगृह’ बांधलं ते पुस्तकांना जागा मिळावी म्हणून. लंडनच्या त्या घरावर त्यांच्या नावाची निळी पाटी लागली, पण घर खासगी मालकीचंच राहिलं.

२०१४ मध्ये ते विक्रीला निघालं. इंग्लंडमधल्या आंबेडकरी संघटनांनी ही गोष्ट महाराष्ट्र सरकारच्या कानावर घातली आणि २०१५ च्या सुरुवातीला सरकारनं ते घ्यायचं ठरवलं. किंमत तीस लाख पौंडांहून अधिक. आता ग्राहक जरी महाराष्ट्र शासन असलं, तरी पायऱ्या तुम्हा-आम्हाला असतात त्याच. इंग्लंडमध्ये ‘ठरलं’ म्हणण्याला कायद्यात काही अर्थ नाही. किंमत तोंडी वा पत्रानं मान्य झाली तरी दोन्ही बाजूंचे वकील करारांची अदलाबदल करीपर्यंत मालक घर दुसऱ्याला विकू शकतो, घेणाराही माघार घेऊ शकतो. आपल्याकडे सुपारी फुटली की शब्द. तिथं शब्दाला किंमत कागदाची अदलाबदल झाल्यावर. त्या वेळी साधारण दहा टक्के भरतात. मग उरलेली रक्कम, मुद्रांक, भूमी नोंदवहीत नाव. अशा बाजारात, जिथं दुसरा ग्राहक उद्या चेक घेऊन उभा राहू शकतो, तिथं मंत्रालयातली फाइल आपल्या चालीनं चालली. घर हातचं जातं की काय अशी धाकधूक त्या महिन्यांत वर्तमानपत्रांतून आपण सर्वांनी वाचली आहे. शेवटी २०१५ च्या सप्टेंबरच्या सुमारास व्यवहार पुरा झाला आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्या वास्तूचं उद्घाटन झालं.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पैसे दिले, नाव लागलं, कुलूप आपलं, किल्ली आपली. पण त्या घरात स्मारक आणि संग्रहालय सुरू झालं आणि लंडनच्या कॅमडेन भागाच्या नगरपालिकेनं विचारलं की, हे घर राहण्यासाठी आहे, त्याचा वापर बदलण्याची परवानगी कुठाय? शेजारच्या रहिवाशांच्या तक्रारीही होत्या : शांत गल्लीत माणसांची वर्दळ वाढली. परवानगीचा अर्ज मागाहून गेला. २०१८ मध्ये नगरपालिकेनं तो फेटाळला. राहण्याजोगी जागा कमी होते, हे कारण. अपील झालं, सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर सुनावणी झाली, वकील उभे राहिले, इतिहासाचे पुरावे दिले गेले. चौकशी करणाऱ्या निरीक्षकानं परवानगीची शिफारस केली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनचे मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी ती मान्य केली. खरेदीला लागले काही महिने. घेतलेल्या घरात काय करायचं हे ठरायला साडेचार वर्षं.

हे मी कुणाला नावं ठेवायला सांगत नाही. घर घेतलं हे उत्तमच झालं. त्या जागी आज एखादा धनिक राहत असता आणि आपण रस्त्यावरून पाटीचा फोटो काढत बसलो असतो. पण ‘माझं घर, मी काहीही करीन’ हे वाक्य आपण सातबारा, आठ-अ आणि गावठाणाच्या जगातून बरोबर घेऊन जातो. तिथं ते वाक्यच चालत नाही. अमेरिकेतल्या कित्येक वसाहतींत दाराचा रंग आणि गवताची उंची यांचेही नियम खरेदीच्या कागदांतच असतात. मुलाच्या घरी गेलेल्या आईनं मागच्या कठड्यावर साडी वाळत घातली आणि दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या समितीचं पत्र आलं, असे किस्से इथं परत आलेल्या आयांकडून मी ऐकले आहेत. त्यांना अपमान वाटलेला असतो. तो कराराचा भाग असतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

काही देशांत तर परक्याला दारच बंद आहे. कॅनडानं १ जानेवारी २०२३ पासून परकीयांना घरं घेण्यावर बंदी घातली आणि पुढं तिची मुदत वाढवली. ऑस्ट्रेलियानं २०२५ च्या एप्रिलपासून दोन वर्षांसाठी परकीयांना जुनी, तयार घरं घेऊ न देण्याचं ठरवलं. सिंगापूर २०२३ पासून परकीयाकडून घराच्या किमतीच्या साठ टक्के जादा मुद्रांक घेतं. असं काही वाचलं की आपल्याकडे लगेच ‘भेदभाव’ हा शब्द निघतो. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही, आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, एवढं तेव्हा आठवावं.

आता अण्णांकडे वळतो. हे अण्णा कुणी एक नाहीत. माझ्या समोर बसलेल्या पाच-सात जणांचे मिळून ते झाले आहेत. मुलगा अमेरिकेत, नोकरी चांगली, तिथली बँक कर्ज द्यायला तयार. पण किमतीचा काही भाग आधी रोख भरावा लागतो आणि त्यात चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलर कमी पडतात. अण्णांच्या वाट्याला सहा एकर. चार एकर विकून चाळीस लाख द्यायचे ठरतं. त्यासाठी मुलानं ई-मेलनं एक कागद पाठवलेला असतो आणि तो घेऊन ते आलेले असतात. त्याला तिकडे भेटपत्र म्हणतात. एक पानाचा मजकूर : ही रक्कम मी माझ्या मुलास भेट म्हणून देत आहे, ती कर्ज नाही, ती परत मिळावी अशी माझी अपेक्षा नाही. खाली सही. इंग्लंडमध्ये आणखी एक वाक्य बहुधा असतं, की या घरावर माझा कोणताही हक्क असणार नाही.

अण्णा तो कागद माझ्यासमोर ठेवतात आणि म्हणतात, ‘साहेब, मी माझ्या लेकराला पैसे देलालोय. ते परत मागणार न्हाई, हे त्या गोऱ्यानं मला शिकवावं?’

बँकवाला म्हणून मला ते पत्र पटतं. कर्ज देणाऱ्या बँकेला दोन गोष्टींची खात्री हवी असते. बापाचे पैसे उसने असतील तर मुलाच्या पगारातून ते फिटणार, म्हणजे बँकेचे हप्ते अडचणीत येणार. आणि ज्यानं किंमत भरली त्यानं उद्या ‘घरात माझाही वाटा’ म्हणून कोर्टात उभं राहावं, हे कर्ज देणाऱ्याला परवडत नाही. इंग्लंड-अमेरिकेच्या कोर्टांत असे दावे होतात. म्हणून सही आधी. त्यात अपमान करण्याचा हेतू नाही. मात्र लेखक म्हणून मला वाटतं की आपल्याकडे बाप मुलाला पैसे देतो तेव्हा न बोललेलं पुष्कळ काही त्यात असतं. म्हातारपणी तुझ्याकडे राहू, आजारपणात बघशील, बहिणीचं अडलं तर उभा राहशील. कायद्याला ठाऊक नसलेला हा करार असतो. ते एक पान तो करार मोडत नाही, पण तो कुठंही नोंदवलेला नाही हे लख्ख दाखवतं. आणि आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. ज्या घरासाठी रान विकलं, त्या घरात आई-बाप पाहुण्याच्या व्हिसावर जातात. एका खेपेला साधारण सहा महिन्यांच्या वर त्यांना राहता येत नाही.

सही करायला हरकत नाही, असंच मी सांगतो. पण ते पत्र शेवटचा कागद आहे. त्याच्या आधीचे कागद मुरुड-लातूरचे आहेत आणि जास्त कठीण आहेत.

पहिला प्रश्न मी विचारतो तो मुलीचा. जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलगीही सहहिस्सेदार. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच हा बदल केला, केंद्रानं २००५ मध्ये, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात हक्क जन्मानंच आहे हे पक्कं केलं. न्यू जर्सीतल्या घरासाठी औशाला दिलेल्या मुलीची सही लागते. बहुतेक मुली करतात. ‘दादाचं होतंय ना, होऊ द्या’ म्हणतात आणि हक्कसोडपत्रावर अंगठ्याइतक्याच सहजपणे सही करतात, शिकलेल्यासुद्धा. मी अण्णांना विचारतो, भेटपत्र तुमच्याकडून घेतलं, तसं लेकीला देण्याचं काही ठरलंय का? यावर जे मौन पडतं, त्यात कादंबरीचं एक प्रकरण सहज मावेल.

मुलाच्या नावावरही हिस्सा असेल तर त्याची सही तिकडून यावी लागते. तो तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर मुखत्यारपत्र करतो. ते इथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याला आपला मुद्रांक लावून घ्यावा लागतो. कुरिअरचं पाकीट देव्हाऱ्यात ठेवून मुदत घालवलेली घरं मला ठाऊक आहेत.

मग व्यवहाराची रक्कम. आपल्याकडे रान विकलं जातं तेव्हा खरेदीखतात एक आकडा असतो आणि पिशवीत दुसरा. हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा मीही आडपडदा ठेवत नाही. पिशवीतला पैसा समुद्र ओलांडत नाही. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात २०१५ पासून बंद आहे, दंड घेतलेल्या रकमेइतका. तो भाग सोडला तरी इंग्लंडचा वकील विचारतो, हे पैसे आले कुठून? मग खरेदीखत, सातबारा, बँकेचा उतारा, त्यांची प्रमाणित इंग्रजी भाषांतरं त्याला द्यावी लागतात. लातूरच्या भाषांतरकारानं केलेला ‘पोटखराबा’चा इंग्रजी तर्जुमा वाचून लंडनच्या वकिलाला काय वाटत असेल, देव जाणे. पिशवीतले पैसे हवाल्यानं पाठवतो म्हणणारे भेटतात. त्या वाटेनं गेलेला पैसा तिथल्या बँकेला दाखवताच येत नाही, म्हणजे ज्या कामासाठी पाठवला त्या कामाला तो निरुपयोगी. शिवाय अमेरिकेत राहणाऱ्या मुलाला वर्षात एक लाख डॉलरहून जास्त भेट परदेशातून आली तर तिथल्या आयकर खात्याला ३५२० क्रमांकाच्या फॉर्मवर कळवावं लागतं. कर नाही, फक्त कळवायचं. न कळवल्याचा दंड मात्र जबर आहे.

कधीकधी अण्णांना वाटतं, भेटपत्र नको, माझंही नाव घराला लावा. लावता येतं. पण मग आपल्या आयकराच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवणं आलं. ते राहिलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड. आणि नाव कसं लावलं यावर पुढचं सगळं ठरतं. इंग्लंड-अमेरिकेत दोघांच्या नावाचा एक प्रकार असा असतो की एक गेला की घर आपोआप दुसऱ्याचं, वारस बाजूला. दुसऱ्या प्रकारात प्रत्येकाचा हिस्सा वेगळा आणि त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे जाणारा. मुलगा आणि सून सही करतात तेव्हा बहुधा पहिला प्रकार असतो. त्यात गैर काही नाही, पण अण्णांच्या डोक्यात ‘घर आपल्या घराण्याचं’ असं जे चित्र असतं ते त्या कागदात कुठंच नसतं. तिथल्या मालमत्तेसाठी तिथल्या कायद्यानं मृत्युपत्र करायला मुलाला सांगा, हा सल्ला मी देतो तेव्हा अर्धे लोक नाराज होतात. पस्तिशीच्या लेकराला मृत्युपत्र करायला सांगतो हा माणूस!

राहिली जमीन, आणि माझ्या मते सगळ्या पायऱ्यांतली हीच एक पायरी अशी आहे की जिच्यावरून खाली उतरता येत नाही. परदेशात राहणारा मुलगा, पासपोर्ट भारतीय असो की अमेरिकन, फेमाच्या नियमांनुसार भारतात फ्लॅट घेऊ शकतो, दुकान घेऊ शकतो; शेतजमीन, मळ्याची जमीन किंवा फार्महाऊस विकत घेऊ शकत नाही. वारशानं आली तर ठेवू शकतो. म्हणजे अण्णांचे सहा एकर त्याला मिळू शकतात, पण विकलेले चार एकर उद्या डॉलरच्या राशी ओतूनही त्याला तिथं राहून परत घेता येत नाहीत. घर तिथं आवडलं नाही, नोकरी गेली, तर ते घर विकता येतं. हे रान नाही. आणि सगळे सहाच्या सहा एकर विकले, तर अण्णा स्वतःही शेतकरी राहत नाहीत; गावात पुन्हा चार गुंठे घ्यायचे झाले तरी आडकाठी येते.

हे ऐकल्यावर काही जण विचारात पडतात, काही जण ‘आता ठरलंय’ म्हणून उठतात. एका गृहस्थांनी मात्र मुलाला फोन लावला. मुलानं घर लहान बघितलं, गावापासून चाळीस मिनिटं लांबचं. अण्णांनी तीन एकर विकले, एक एकराचे पैसे लेकीच्या खात्यात टाकले, बाकीच्या रकमेचं भेटपत्र केलं. विहिरीकडचे तीन एकर राहिले. त्यांचा आठ-अ काढून मुलाला पाठवायचा होता, तर तलाठी रजेवर होता. पुढच्या आठवड्यात मिळाला.